वाचकांचे प्रश्न: स्प्रिंगचा कॅपो आणि चढणारे सूर

मागच्या अंकात गिटारच्या तारा कधी बदलायच्या यावर लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ टाकली होती की कॅपोबद्दल, म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एका फ्रेटवर एकदम दाबून धरणाऱ्या साधनाबद्दल, काही अडचण असेल तर कळवा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक सगळे त्या चिमट्यासारख्या, स्प्रिंगवाल्या कॅपोबद्दल आहेत, कारण पहिली गिटार घेतली की दुकानदार तोच हातात देतो. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय. आणि इथे फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी, सतारीच्या भाषेत पडदा, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो, कारण दोन पत्रं सतार वाजवणाऱ्यांची पण आहेत.

प्रश्न (चिपळूण): सर, माझ्याकडे यामाहा एफ३१० आहे. ऑनलाइन अडीचशे रुपयांचा स्प्रिंगचा कॅपो मागवला. गिटार उघडी वाजवली तर ट्यूनमध्ये असते, पण दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की सगळं बेसूर होतं, ट्युनर अॅपमध्ये काटा उजवीकडे जातो. कॅपो खराब आहे की गिटार?

उत्तर: हा प्रश्न जवळजवळ निम्म्या पत्रांत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक टेस्ट करा, पाच मिनिटांची आहे. कॅपो काढा, गिटार व्यवस्थित ट्यून करा, मग अॅप समोर ठेवून सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, दुसऱ्या फ्रेटवर बोटाने दाबून वाजवा. नेहमी जेवढं दाबता तेवढंच दाबा. एफ शार्प येईल, काटा किती सेंट (सुराचं बारीक माप) पुढे आहे ते कागदावर लिहा. असंच तिसऱ्या तारेचं करा, तिथे ए येईल. आता कॅपो लावा आणि त्याच दोन तारा परत वाजवून आकडे बघा. बोटाने दोन-तीन सेंट पुढे आणि कॅपोने बारा-पंधरा सेंट पुढे असं दिसलं तर गिटार ठीक आहे, कॅपो जास्त दाबतोय. बोटाने दाबूनच तेवढं पुढे जात असेल तर कॅपोला दोष देऊ नका, मग गिटार सेटअपला न्यायची वेळ झालीय, तारा नटपाशीच (खुंट्यांच्या बाजूची खाचांची पट्टी) उंच असतील.

आता असं का होतं. तार फ्रेटला टेकली की काम झालं, सूर तिथेच ठरतो. पण त्यानंतरही तिला खाली लाकडाकडे दाबत राहिलं की ती ताणली जाते आणि ताणली की चढते. बोटाला हे कळतं, बोट आपोआप थांबतं. स्प्रिंगला कळत नाही, तिचा जोर ठरलेला. आणि बनवणारा स्प्रिंग कडकच देतो, कारण ढिली दिली तर तारा भणभणतील आणि गिऱ्हाईक माल परत पाठवेल. दोन फ्रेटमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट, त्यातले दहा-बारा सेंट म्हणजे आकड्यात किरकोळ वाटतं, पण सहा तारा सहा वेगवेगळ्या मापाने चढल्या की कॉर्ड वाजवल्यावर कान लगेच सांगतो काहीतरी चुकतंय.

बदलून टाकायच्या आधी एवढं करून बघा. जागा बघा, बहुतेक जण कॅपो दोन फ्रेटच्या बरोबर मधे लावतात आणि तिथे तार सगळ्यात जास्त खाली जाते. कॅपोच्या रबराची कड दुसऱ्या फ्रेटच्या पट्टीला मागून जवळजवळ लागली पाहिजे, पट्टीवर चढता कामा नये, चढलं तर तार मेल्यासारखी वाजते. आणि तिरका नको, पट्टीला समांतर. मग बघा की नेक, म्हणजे गिटारचा दांडा, जबड्यात किती आत गेलाय. बिजागरीकडे दाब जास्त असतो आणि टोकाकडे कमी, त्यामुळे कॅपो पार आत ढकलून बसवला तर त्या बाजूच्या तारा जास्त चढतात. टोक शेवटच्या तारेच्या थोडंसं पलीकडे जाईल इतपतच आत घ्या. वरच्या फ्रेटवर नेक जाड होत जातो, जबडा जास्त उघडतो आणि स्प्रिंग आणखी जोरात आवळते, म्हणून पाचव्या फ्रेटला दुसऱ्यापेक्षा जास्त त्रास होतो, ते नॉर्मल आहे.

आणि लावायची पद्धत. माझ्या क्लासमध्ये मी मुलांना पहिल्या दिवशी हे दहादा करायला लावतो. मूठ पूर्ण आवळून जबडा पूर्ण उघडायचा, सरळ वरून तारांवर ठेवायचा, मग मूठ हळूहळू सोडायची. खटकन सोडला की रबर तारांना बाजूला ओढत बसतं, तारा किंचित वाकतात, म्हणजे नकळत बेंड केल्यासारखंच झालं. बसल्यावर प्रत्येक तार कॅपोच्या पुढे दोन बोटांनी जराशी उचलून सोडा, अडकलेला ताण निघून जातो. मग एकेक तार वाजवून ऐका, सहाच्या सहा.

हे सगळं करूनही थोडं चढणारच. मग कॅपो लावलेल्या अवस्थेतच परत ट्यून करा, स्टेजवर वाजवणारे पण हेच करतात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कॅपो काढला की परत एकदा ट्यून करायला विसरू नका, नाहीतर पुढचं गाणं उतरलेलं वाजेल.

काढतानाचं एक सांगतो कारण ते मी स्वतः भोगलंय. एका गॅदरिंगला दोन गाण्यांच्या मधे घाईत कॅपो पूर्ण न उघडताच ओढून काढला, दुसरी आणि तिसरी तार सरकली, आणि पुढचं गाणं सुरू करायला गायिका उभी, समोर पब्लिक, आणि मी खुंट्या पिळतोय. गायिकेने शांतपणे सूर धरून ठेवला म्हणून निभावलं. तेव्हापासून उघडायचा म्हणजे पूर्णच उघडायचा.

प्रश्न (नाशिक): मी भावगीतं आणि भजनं गाते. आमच्या पेटीवाल्या काकांनी माझी पट्टी काळी चार सांगितली आहे. गिटार वाजवणारा भाचा म्हणतो मला सी आणि जी चे कॉर्ड येतात, काळी चार काय ते माहीत नाही. कॅपो कुठे लावायचा?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कॅपो खरा याच कामाचा आहे. गाणाऱ्याचा गळा जिथे मोकळा होतो तिथे गिटारला नेऊन बसवायचं, गळ्याला ओढत गिटारकडे न्यायचं नाही. कित्येक घरांत उलटं चाललेलं असतं, वाजवणाऱ्याला सी सोपा म्हणून गाणारी बिचारी सी मधे घुसमटत गाते.

भाच्याला सांगा, पेटीची एक पट्टी म्हणजे गिटारचा एक फ्रेट, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजायच्या. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. तुमची काळी चार म्हणजे जी शार्प. म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी चे नेहमीचे कॉर्ड, झालं. सी च्या आकारात वाजवायचं तर कॅपो आठव्या फ्रेटवर जाईल, तिथे गिटार मेंडोलिनसारखी बारीक वाजायला लागते, बोटांना जागा पण राहत नाही, त्यामुळे ते नको.

हाच हिशोब बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवतो, कारण सोलापूर आणि साताऱ्याहून पण असंच विचारलंय. काळी एक हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी चे आकार. पुरुष गाणाऱ्यांना ही पट्टी बऱ्याचदा लागते. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर डी चे किंवा तिसऱ्यावर सी चे. काळी तीनला दुसऱ्यावर ई किंवा चौथ्यावर डी, मला चौथ्यावर डी बरा वाटतो कारण ई मधे बी चा कॉर्ड येतो आणि शिकणारे तिथे अडतात. काळी पाचला पहिल्यावर ए किंवा तिसऱ्यावर जी. पांढरी चारला पहिल्यावर ई, तिसऱ्यावर डी किंवा पाचव्यावर सी.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, गाण्यात कोमल गंधार असेल, म्हणजे मायनरचं गाणं असेल, तर सा च्या जागी मायनर कॉर्ड पकडायचा आणि मोजणी तिथून करायची. तुमच्या काळी चारला चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ई मायनरचे आकार. काळी पाचला पहिल्यावर ए मायनर.

आणि पेटीबरोबर वाजवणार असाल तर मोबाइलचा ट्युनर बाजूला ठेवा. जुन्या पेटीचे सूर बरेचदा अॅपच्या सुरापेक्षा थोडे वरखाली असतात, पेटी काही मैफिलीत ट्यून होत नाही, गिटार होते. आधी कॅपो लावा, मग काकांना तुमचा सा धरून ठेवायला सांगा आणि भाच्याने तो सुराला सूर लावून जुळवायचा. पहिल्यांदा वेळ लागेल, पण सूर जुळल्यावर तो थरथरणारा आवाज थांबून एकदम गुळगुळीत होतो ना, ते भाच्याच्या कानाला एकदा कळलं की त्याला परत सांगावं लागणार नाही.

प्रश्न (मडगाव): माझी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे. मित्राचा स्प्रिंगचा कॅपो लावून पाहिला, मधल्या दोन तारा नुसत्या भणभणतात. त्याच्या गिटारवर छान चालतो. काय करू?

उत्तर: मित्राचा कॅपो चांगलाच असणार, तो फक्त तुमच्या गिटारचा नाही. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचा फ्रेटबोर्ड वरून किंचित गोलाई घेतलेला असतो, फूटपट्टी आडवी ठेवून उजेडात बघा, मधे टेकेल आणि कडेला फट दिसेल. म्हणून त्या कॅपोची पट्टी पण तशीच वाकलेली असते. क्लासिकलचा बोर्ड सहसा सपाट असतो. सपाट बोर्डवर वाकलेली पट्टी ठेवली की कडेच्या तारा आधी दाबल्या जातात आणि मधल्या डी आणि जी हवेत राहतात. तुमच्या मधल्या तारा यामुळेच भणभणतात. शिवाय क्लासिकलचा नेक नटपाशी साधारण 52 मिलिमीटर रुंद असतो, अकूस्टिकचा 43-44, त्यामुळे बरेच कॅपो शेवटच्या तारेपर्यंत नीट पोचत पण नाहीत.

क्लासिकलचा म्हणून वेगळा कॅपो मिळतो, सरळ आणि लांब पट्टीचा, दुकानात स्पष्ट सांगून तोच मागा. स्प्रिंगमध्ये पण येतो. नायलॉन तारांना स्टीलपेक्षा कमी दाब पुरतो, तेव्हा फार कडक घेऊ नका. स्पेनमधले फ्लामेंको वाजवणारे लाकडी तुकडा, दोरी आणि खुंटी असलेला कॅपो वापरतात, त्याला सेहिया म्हणतात, खुंटी पिळून दाब हवा तेवढा ठेवता येतो. तो बघायला फार सुंदर असतो आणि गिटारला जड पण होत नाही. इकडच्या दुकानात सहज दिसत नाही, पण कोणी तिकडून येणार असेल तर जरूर मागवा.

प्रश्न (नागपूर): दुकानात दोनशेपासून अडीच-तीन हजारांपर्यंत कॅपो आहेत. कायझर, डनलॉप, शब अशी नावं सांगतात. स्प्रिंगचा घेऊ की स्क्रूचा? महागाचा घेऊन फरक पडतो का?

उत्तर: फरक पडतो, पण नावामुळे पडतो असं मी म्हणणार नाही. कायझर आणि डनलॉपचे ट्रिगर कॅपो स्प्रिंगचे आहेत, शबचा लिव्हरचा आहे, त्याला मागे स्क्रू असतो आणि तो फिरवून दाब आपल्या गिटारला एकदा जुळवला की लिव्हर दाबली की तेवढाच बसतो. ज्याला प्रत्येक गाण्याला पट्टी बदलायची आहे, एका हाताने दोन सेकंदात, त्याने स्प्रिंगचा घ्यावा. घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याने, किंवा इलेक्ट्रिकवर .009-.010 इंचाच्या बारीक तारा लावणाऱ्याने दाब कमीजास्त करता येणारा घ्यावा, कारण बारीक तारा स्प्रिंगखाली फार लवकर चढतात. बारा तारांची गिटार असेल तर उलट, तिथे बहुतेक जोड्यांत एक तार जाड एक बारीक असते, त्यामुळे स्प्रिंग कडक आणि रबर मऊ असा खास बारा तारांसाठीचा बघा.

स्प्रिंगचाच घ्यायचा ठरला तर स्वतःची गिटार घेऊन दुकानात जा, हे कष्ट घ्याच. वर चिपळूणकरांना सांगितलेली बोट आणि कॅपोची टेस्ट तिथेच करा, दुकानदार काही म्हणत नाही. रबराला नख लावून बघा, नख किंचित रुतलं पाहिजे, प्लास्टिकसारखं टणक असेल तर सोडून द्या, टणक रबर जाड तारेवर अडून बसतं आणि शेजारची बारीक तार मोकळी राहते. बिजागरीत डावी-उजवीकडे खेळ आहे का बघा, असेल तर प्रत्येक वेळी वेगळा बसेल. मूठ आवळून दहा वेळा उघडबंद करा, लहान मुलीसाठी किंवा हात दुखणाऱ्यांसाठी घेत असाल तर त्यांनाच करायला द्या, काही कॅपो इतके कडक असतात की मुलांना एका हाताने उघडतच नाहीत. आणि कॅपो लावून पहिल्या फ्रेटजवळचा एक कॉर्ड पकडा, कॅपोची मूठ हाताला लागत असेल तर तो उलट बाजूने लावून बघा, खालून वर किंवा वरून खाली, दोन्ही चालतं, हाताला जे सोयीचं ते. माझ्याकडे एक साडेतीनशेचा आहे जो हजारवाल्यापेक्षा माझ्या गिटारवर चांगला बसतो, म्हणून टेस्टवर एवढा जोर देतोय.

प्रश्न (पुणे, दहावीतला विद्यार्थी): आमचे सर म्हणतात कॅपो म्हणजे चीटिंग, बार कॉर्ड शीक. पण एफ वाजतच नाही, बोट दुखतं. मी काय करू?

उत्तर: सरांचं अर्धं बरोबर आहे, बार कॉर्ड, म्हणजे एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, शिकायचाच आहे तुला, तो टाळून पुढे जाता येत नाही. पण कॅपोला चीटिंग म्हणणं मला पटत नाही. कॅपो हा शब्द इटालियन कॅपोतास्तो वरून आलाय, कॅपो म्हणजे डोकं आणि तास्तो म्हणजे पडदा, आणि अमेरिकेत त्याचं पहिलं पेटंट 1850 साली जेम्स अॅशबोर्न नावाच्या गिटार बनवणाऱ्याने घेतलं. फ्लामेंको वाजवणारे, ज्यांच्या बोटांपुढे आपण कोणीच नाही, ते गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे रोज कॅपो लावतात. शिवाय बार कॉर्डमध्ये सगळ्या तारा दाबलेल्या असतात आणि कॅपो लावून उघड्या आकारात दोन-तीन तारा मोकळ्या गुंजत राहतात, तो आवाज बारने येतच नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत.

आता तुझ्या एफ बद्दल. एक करून बघ. गिटार अर्धा सूर खाली ट्यून कर, म्हणजे ई च्या जागी डी शार्प, सगळ्या तारा तशा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव, सूर परत नेहमीचे झाले. आता कॅपोच्या पुढच्या फ्रेटवर एफ पकड. तारा थोड्या ढिल्या पण झाल्यात आणि नटची उंची पण मधून गेलीय. एकदम सोपं झालं का? थोडं सोपं होणं साहजिक आहे, पण जमीनअस्मानाचा फरक वाटला तर तुझं बोट कमजोर नाहीये, तुझ्या गिटारच्या नटच्या खाचा उंच आहेत. नवीन स्वस्त गिटारमध्ये हे खूप असतं. चांगल्या रिपेअरवाल्याकडे नेऊन खाचा नीट करून घे, स्वतः कानस लावू नकोस, जास्त खोल गेली तर तार उघडीच भणभणते आणि मग नट बदलावा लागतो. किती मुलांनी एफ पायी गिटार कोपऱ्यात ठेवून दिलेली मी बघितलीय, आणि गिटार तपासल्यावर दोष नटचा निघालाय, त्याचं मला खरंच फार वाईट वाटतं. तपासून घे आणि मग रोज पाच मिनिटं बार कर, जास्त नको.

प्रश्न (रत्नागिरी): कॅपो गिटारवरच लावून ठेवला तर चालतो का? आणि पावसाळ्यात स्प्रिंगला गंज येतो.

उत्तर: वाजवून झालं की काढा. रात्रभर लावून ठेवला तर रबरात तारांच्या खाचा पडतात आणि मग त्याच खाचेत तार बसून नीट दाबली जात नाही, शिवाय तारा विनाकारण ताणलेल्या राहतात. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या भागावर, अडकवून ठेवणं वाजवताना ठीक आहे, कधीकधी तिथे खणखण आवाज येतो तेवढा बघा, पण पिशवीत ठेवताना वेगळा ठेवा. काही महागाच्या गिटारला नायट्रोचं (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) पॉलिश असतं, काही रबरांचा त्यावर कायमचा डाग पडतो.

कोकणातली हवा आहे, तर वापरून झाला की कोरड्या फडक्याने पुसा, घाम राहू देऊ नका, आणि स्प्रिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीने सोडा, एकच, रबराला लागू देऊ नका, तेलाने रबर फुगतं आणि चिकट होतं. रबर आधीच चिकट झालं असेल तर ओल्या फडक्याने पुसून वाळवा, तरी चिकटत असेल तर रबर बदला. काही कंपन्यांचं रबर सुटं मिळतं, नाही मिळालं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बरोबर मापाने कापून चिकटवला की वर्षभर तरी छान चालतो.

प्रश्न (बेळगाव): आम्ही दोघे मित्र एकत्र वाजवतो, दोघेही जी मध्ये तेच कॉर्ड वाजवतो, आवाज नुसता गच्च होतो. दुसऱ्याने कॅपो लावला तर?

उत्तर: लगेच लावा. एकाने उघड्या गिटारवर जी, सी, डी वाजवायचं आणि दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डी, जी, ए चे आकार धरायचे. ऐकू तेच कॉर्ड येतील, पण दुसऱ्याचे वरच्या सप्तकाकडे. जिथे पहिला ई मायनर धरेल तिथे दुसऱ्याने बी मायनर, तेवढा एक बार येईल. दोघांनी आधी कॅपोशिवाय एकमेकांशी ट्यून करा आणि मग कॅपोवाल्याने कॅपो लावून पहिल्याच्या उघड्या जी शी परत जुळवून घ्या, पाचव्या फ्रेटला चढण्याचा त्रास जास्त असतो हे वर लिहिलंच आहे. स्ट्रमिंग दोघांनी सारखं करू नका, खालच्याने ठेका धरावा आणि कॅपोवाल्याने बोटांनी तारा छेडाव्यात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिसरं कुठलंतरी वाद्य वाजतंय असं वाटून मागे वळून बघितलं होतं.

तुमच्या दोघांचं रेकॉर्डिंग झालं की पाठवा, मोबाइलवर केलेलं असलं तरी चालेल, मी नक्की ऐकेन.